डांग्या खोकला, अडुळसा आणि माझी उधारीची वही

पलूसकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोरली मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत. तीन आठवडे झाले खोकते. दिवसा बरी असते, खेळते, पण रात्री एकामागून एक ढास लागते, चेहरा लालबुंद होतो, शेवटी उलटी होते आणि मग झोपते. डॉक्टरांनी डांग्या खोकला सांगून अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, कोर्स संपला तरी खोकला तसाच. सासूबाई म्हणतात इंग्लिश औषधानं हा खोकला जात नसतो, अडुळसा, ज्येष्ठमध आणि काकडशिंगीचं चाटण मधातून द्या. घरात दोन महिन्यांचं बाळही आहे. तर या झाडपाल्याला खरंच काही पुरावा आहे का, की नुसतं सांगोवांगी?

ताई, उत्तर लांबणार आहे म्हणून बाळाचं आधी सांगतो, बाकीचं नंतर निवांत वाचा. बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बाळ खोकत नसलं तरी. एवढ्या लहान बाळांना उबळीनंतर श्वास ओढताना होणारा तो ‘हूप’ असा आवाज बहुतेक वेळा येतच नाही, काहींना खोकलाही धड येत नाही, श्वासच मध्ये थांबतो, ओठ निळे पडतात आणि घरच्यांना वाटतं बाळ शांत झोपलंय. आणि बाळाला मध, चाटण, गुटी, धुरी यातलं काहीही नको. का नको ते खाली येईलच.

आता मूळ प्रश्न. डांग्या खोकला झाडपाल्यानं लवकर संपतो किंवा त्याच्या उबळी कमी होतात याला भरवशाचा पुरावा नाही. हे मी बीएएमएस माणूस सांगतोय, वाळवा तालुक्यात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस झाली, दवाखान्याच्या मागं अडुळशाची चार झाडं आहेत आणि साध्या कफाच्या खोकल्याला मी आजही अडुळसा देतो. त्यामुळं आयुर्वेदाचा दुस्वास म्हणून बोलत नाही. उलट एके काळी याच खोकल्यावर माझं नाव झालं होतं.

सुरुवातीच्या वर्षांत माझा एक काढा होता. अडुळसा, भुईरिंगणी, ज्येष्ठमध, थोडी लेंडीपिंपळी. लोक एकमेकांना सांगायचे, डांग्या खोकला असंल तर त्या डॉक्टरकडं जावा, चार दिवसांत उतार पडतो. ताकारी, कुंडल, पार कराडकडनं पोरं घेऊन यायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, कुणाला वाटणार नाही. तेव्हा मी एक लाल कापडी बांधणीची वही ठेवायचो, त्यात नाव, गाव, किती दिवस झाले खोकला, काय दिलं आणि किती पैसे राहिले. खरं तर ती उधारीसाठीच होती. एका दिवाळीला उधारी काढत बसलो आणि सहज डांग्या खोकल्याची पोरं वेगळी काढून बघितली, तर भलतंच दिसायला लागलं. खोकला सुरू होऊन पाच-सहा आठवडे झाल्यावर माझ्याकडं आलेली पोरं चार-आठ दिवसांत बरी झाली होती. दुसऱ्या आठवड्यात आलेली पोरं महिनाभर खेटे घालत होती. काढा तोच, मात्रा तीच. माझं नाव झालं होतं ते उशिरा आलेल्यांमुळं, ती आधी दोन-तीन डॉक्टर करून शेवटी माझ्याकडं यायची. आणि लवकर आलेली कंटाळून दुसऱ्याकडं जात होती, तिथं त्यांचा खोकला वेळ भरल्यावर थांबत होता आणि नाव त्या डॉक्टरचं होत होतं. रात्रभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणजे काढा काय करत होता हे मला त्या वहीतून कळलंच नाही, कारण काढा न दिलेली पोरं माझ्या वहीत नव्हतीच. पुरावा पुरावा म्हणतात तो एवढ्याचसाठी लागतो. सारख्या वयाची, सारख्याच आठवड्यात आलेली मुलं घ्यायची, निम्म्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि दोन्हींकडं सारखंच लक्ष ठेवायचं. डांग्या खोकल्यात याची गरज इतर आजारांपेक्षा जास्त, कारण या आजाराचं स्वतःचं घड्याळ असतं.

ते घड्याळ असं चालतं. जंतू अंगात शिरल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी साधी सर्दी सुरू होते, नाक गळतं, बारीक ताप, थोडा खोकला. हे एक-दोन आठवडे. कुणालाही शंका येत नाही, आणि नेमकं याच काळात मूल सगळ्यात जास्त पसरवतं. मग उबळींचा काळ, एका दमात दहा-पंधरा खोकले, श्वास आत घ्यायला फुरसत नाही, शेवटी हूप करून हवा आत ओढली जाते, उलटी, दमून झोप. हे एक ते सहा आठवडे, कधी दहाही. त्यानंतर हळूहळू ओसरतं. शंभर दिवसांचा खोकला म्हणतात ते उगाच नाही. ताई, तुमची मुलगी आत्ता मधल्या काळात आहे, म्हणजे अजून काही आठवडे हे चालणार, काय वाट्टेल ते दिलंत तरी.

असं का, तर हा जंतू, बोर्डेटेला पर्टुसिस, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला चिकटतो. त्या अस्तरावर अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात, ते झाडूसारखे सतत हलून कफ वर ढकलत असतात. जंतूची विषं या तंतूंच्या पेशी मारतात. मग कफ वर ढकलायला उरतं काय, नुसता खोकला. अँटिबायोटिकनं जंतू मरतात पण झडलेला झाडू परत उगवायला आठवडे लागतात. आपल्याकडं उसाला हुमणी लागल्यावर होतं तसंच, औषध टाकून हुमणी मेली तरी खाल्लेली मुळं काय लगेच फुटत नाहीत. म्हणून तुमचा कोर्स संपूनही खोकला राहिला, यात डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. उबळी सुरू झाल्यावर दिलेलं अझिथ्रोमायसिन मुख्यतः दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून असतं, त्यानं उबळी थांबत नाहीत. पाच दिवसांचा कोर्स झाला की मूल पसरवायचं थांबतं, नाहीतर उबळी सुरू झाल्यापासून तीन आठवडे पसरवत राहतं. घरात ज्यांना आधीचं संरक्षण नाही अशा दहातल्या आठ-नऊ जणांना हा जंतू गाठतो, म्हणून ते औषध फुकट गेलं असं समजू नका.

सासूबाईंचं ‘इंग्लिश औषधानं जात नाही’ हे म्हणणं अर्धं खरं आहे बघा. २०१४ साली कॉक्रेनवाल्यांनी (जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी मंडळी) डांग्या खोकल्याच्या खोकल्यावरची औषधं तपासली. ॲलर्जीच्या गोळ्या, स्टिरॉइड, दम्याचं साल्ब्युटामॉल, असं बरंच. सगळ्या मिळून बारा चाचण्या, रुग्ण सहाशेच्या आत, आणि एकाही औषधानं ठोस फायदा दिसला नाही. तेव्हा मेडिकलमधनं आणलेलं कफ सिरपपण इथं नापासच आहे. लहान मुलांना तर ते देऊच नका, २०२५ मध्ये छिंदवाड्याला भेसळीच्या सिरपनं मुलं दगावल्यावर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलंय की दोन वर्षांखाली खोकल्याची सिरपं नकोतच आणि पाच वर्षांखालीही शक्यतो नकोत. आमच्या आयुर्वेदवाल्या लोकांचा तर्क मात्र इथं घसरतो. त्यांचं चालत नाही म्हणजे आमचं चालतं, असं थोडंच असतं.

आता एकेक औषध घेऊ.

अडुळसा. यात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावरूनच ब्रोमहेक्झिन बनवलं गेलं आणि त्याचाच पुढचा भाऊ अँब्रॉक्सॉल, म्हणजे मेडिकलमधल्या निम्म्या सिरपांचं मूळ आपल्या बांधावरच्या अडुळशात आहे. आमच्या लोकांना हे सांगताना छाती फुगते, माझीही फुगते. पण ही औषधं कफ पातळ करणारी आहेत आणि डांग्या खोकल्याचं दुखणं नुसत्या घट्ट कफाचं नाही, तिथं झाडूच झडलेला आहे. साडेसहा वर्षांच्या मुलीला अडुळशाचा थोडा रस दिलात तर काही बिघडणार नाही, उबळी त्यानं थांबतील असं मात्र धरू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिला अडुळसा अजिबात नको, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं.

मध. याचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय. कॉक्रेनच्याच २०१८ च्या आढाव्यात सहा चाचण्या, मुलं नऊशेच्या आसपास, काहीच न देण्यापेक्षा मध दिल्यावर मुलं थोडी कमी खोकली, झोप जरा बरी लागली. पण तो सगळा साध्या सर्दीचा खोकला होता, डांग्या खोकल्याची मुलं त्यात नव्हती. तरी थोरलीला झोपताना चमचाभर मध द्यायला माझी काही हरकत नाही, घशाला बरं वाटतं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटभरही नको. मधात कधी कधी बोट्युलिनम जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषानं अंग लुळं पडतं, श्वासाचे स्नायूसुद्धा. लोक मला सांगतात डॉक्टर आमचा मध एकदम प्युअर आहे, महाबळेश्वरचा आहे. अहो २०२२ ला ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेल्या मांघरहून स्वतः पोळ्याजवळ उभं राहून आणला तरी तेच, बीजाणू काही भेसळीनं येत नाहीत, मातीतनं फुलांतनं येतात, आणि घरात मध उकळूनपण मरत नाहीत.

ज्येष्ठमध घशाला मऊ वाटतं, गोड असतं, पोरं आवडीनं चघळतात, एखादी काडी चालते. महिनाभर रोज काढा करून देऊ नका, जास्त दिवस घेतलं की बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. आधीच उलट्या करणाऱ्या पोराचं पोटॅशियम आणखी कशाला घालवायचं?

काकडशिंगीचं चाटण म्हणजे बहुतेक बालचतुर्भद्र चूर्ण असणार. नागरमोथा, पिंपळी, अतिविष, काकडशिंगी, मधातून. आमच्याकडं लहान मुलांच्या ताप-खोकला-जुलाबावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि मी स्वतः भरपूर दिलंय. ग्रंथात आहे हे शंभर टक्के खरं. पण ग्रंथात काय आहे तेही बघा ना. चरकानं कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार सांगितलेत, वातज, पित्तज, कफज, क्षतज, क्षयज, हे लक्षणांवरून पाडलेले प्रकार आहेत. डांग्या खोकल्याचा जंतू बोर्डे आणि झाँगू या दोघांनी १९०६ साली ब्रुसेल्समध्ये वेगळा काढला. त्याच्या आधी कुणालाच, युरोपातल्या डॉक्टरांनाही, ठामपणे सांगता येत नव्हतं की या पोराचा खोकला नेमका कशाचा. मग कासावर सांगितलेलं औषध या एका जंतूच्या खोकल्यावर चालतंच, असं ग्रंथाच्या नावानं कसं म्हणायचं? आता आमचे काही जण ‘कुक्कुरकास’ असं नाव लावून त्याखाली सगळी जुनी औषधं टाकतात. नाव लावलं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही.

हळदीचं दूध. सांगलीत बसून हळदीला नावं ठेवायची म्हणजे मार्केट यार्डात मार खायचं काम. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, मलाही अभिमान आहे. दूध गरम असतं, पोराला झोप लागते, द्या. डांग्या खोकल्यावर त्याचा उपयोग दाखवलेला नाही. उबळीनंतर लगेच पेलाभर पाजू नका, उलटून येईल.

ओव्याची एक गंमत सांगतो. युरोपात थाइम नावाची वनस्पती डांग्या खोकल्यावर फार जुन्या काळापासून देतात, जर्मनीच्या सरकारी वनौषधी समितीनं, कमिशन ई म्हणतात तिला, थाइमच्या उपयोगात डांग्या खोकल्याची लक्षणं असं लिहूनच ठेवलंय. आणि थाइममधलं मुख्य द्रव्य थायमॉल, तेच आपल्या ओव्यात भरपूर. म्हणजे तिकडची आजी आणि इकडची आजी दोघी एकाच द्रव्यावर येऊन थांबल्या. पण त्या समितीनं शिक्का मारला तो बराचसा परंपरेच्या वापरावर. थाइमच्या ज्या बऱ्या चाचण्या झाल्यात त्या मोठ्या माणसांच्या साध्या ब्राँकायटिसवर (श्वासनलिकेच्या सुजेवर), डांग्या खोकल्याच्या पोरांवर नाहीत.

दुसरी गंमत तर आपल्या साताऱ्याची. कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू म्हणून इवलीशी वनस्पती उगवते, पानांवर चिकट थेंब आणि त्यात किडे अडकतात, गाईड लोक वाकून दाखवतात. ती ड्रोसेरा. युरोपात शेकडो वर्षं डांग्या खोकल्याचं औषध म्हणून हिचीच तिकडची बहीण, ड्रोसेराचीच दुसरी जात दिली, होमिओपॅथीतही डांग्या खोकला म्हटलं की पहिलं नाव ड्रोसेराचं. प्रयोगशाळेत तिचा अर्क आवळलेले स्नायू सैल करतो असं दिसलंय. मुलांवर नीट चाचणी नाही. तेव्हा कासला जाऊन उपटत बसू नका, ते वारसास्थळ आहे, तिथं फूल तोडलं तरी दंड होतो.

प्रयोगशाळेवरून आठवलं. अमुक अर्कानं जंतू मरतात असं लोक मोबाइलवर मला पाठवतात. अहो काचेच्या बशीत जंतूंवर व्हिनेगर ओतलं तरी जंतू मरतात. पोटातून रक्तात, रक्तातून श्वासनलिकेत, तेवढ्या प्रमाणात आणि पोराला इजा न करता पोचतं का हा खरा प्रश्न असतो, त्याचं उत्तर बशीत मिळत नाही.

बाकी गाढविणीचं दूध, मोरपिसाच्या राखेचं चाटण, ताईत, हे सगळं अजून चालतं. गाढवीण घेऊन गल्लीत ओरडत येणारा माणूस आमच्याकडं अजून महिन्या-दोन महिन्यांनी येतो, कच्चं न तापवलेलं दूध बाळाच्या तोंडात सोडतात. यावर जास्त लिहीत नाही.

आता बाळाला काहीच का नको ते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात, सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक आजी आणि सून पायरीवर बसलेल्या. बाळ पन्नास-एक दिवसांचं, घरात बाळाच्या मामाला महिनाभर खोकला. आजी म्हणाली दोन दिवस पोर लई गप आहे, दूध ओढत नाही, पण खोकला गेला. विचारलं काय दिलं, तर रोजच्या गुटीत जायफळाचे एरवी दोन वेढे असायचे, खोकल्यानं पोर झोपेना म्हणून सहा-सात वेढे उगाळले, वेखंडपण वाढवलं, आणि मधातून चाटवलं. टेबलावर झोपवलं बाळाला, छातीकडं बघत बसलो. हलत होती. मग हलायची थांबली. मी मनात आकडे मोजायला लागलो, दहा, बारा, पंधरा, ओठ जांभळे व्हायला लागले, तळव्याला टिचकी मारली तेव्हा एक श्वास आला आणि बारीक रडलं. पाच मिनिटांत हे तीन वेळा झालं. आजी बाजूला उभी राहून म्हणत होती बघा झोपंत आहे. जीप करून मिरजेला पाठवलं, मी स्वतः मागं बसलो, विजयनगर येईपर्यंत टिचक्या मारत. तीन आठवडे ऑक्सिजनवर होतं. वाचलं.

त्या आजीनं बाळाचं वाईट व्हावं म्हणून काही केलं नव्हतं, तिच्या आईनं केलं तेच तिनं केलं. पण जायफळानं गुंगी येते, आणि डांग्या खोकल्यातलं बाळ आधीच श्वास घ्यायला विसरत असतं, त्यात गुंगी आली की आठवण करून देणारा खोकलाही जातो. खोकला गेला म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, तिथंच घात होतो. कापराचं तसंच, छातीला चोळणं, पुडी नाकाशी धरणं, उशाखाली ठेवणं, लहान बाळाला कापरानं झटके येऊ शकतात. आणि धुरी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, धूप टाकून खोली भरून टाकतात. ज्या श्वासनलिकेचा झाडू गेलाय तिच्यात धूर भरणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. ओव्याची पुरचुंडी जरा लांब बांधली तर चालेल, धूर नको.

थोरलीसाठी घरी काय करायचं ते विचारलं नाही तरी सांगतो, कारण खरा फरक यानंच पडतो. एका वेळी थोडं थोडं खायला द्या, उबळ येऊन उलटी झाली की दहा-पंधरा मिनिटांनी परत थोडं द्या, उलटीनंतरचं खाणं बऱ्याचदा टिकतं. घरात चूल, कॉइल, अगरबत्ती बंद. आणि मशेरी भाजणं बंद, आमच्याकडं याच्यावर कुणी बोलत नाही, तव्यावर तंबाखू भाजली की घरातल्या धडधाकट माणसाला ठसका लागतो, त्या पोरीचं काय होईल. शेजारी पाचट पेटवलं असेल किंवा गुऱ्हाळाचा धूर येत असेल तर दारं-खिडक्या लावून घ्या. उबळ आली की तिला बसतं करा, पाठीवर हात ठेवा, पाणी पाजायची घाई करू नका. वाफेचं पातेलं शक्यतो नको, उबळ येऊन पातेलं अंगावर कलंडलेली दोन पोरं मी बघितलीत. पुढच्या चार-सहा महिन्यांत साधी सर्दी झाली तरी उबळी परत येऊ शकतात, तेव्हा आजार उलटला म्हणून घाबरू नका, तो जुन्या जखमेचा खोकला असतो.

खोकला दिवसेंदिवस वाढला, ताप आला, दम लागला, झटका आला किंवा वजन उतरायला लागलं तर मात्र थांबू नका. आणि डांग्या खोकल्याचं निदान नक्की आहे का हेही एकदा विचारा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत नाकाच्या मागून स्वॅब घेऊन पीसीआर (जंतू शोधायची तपासणी) करता येतं, साध्या रक्त तपासणीत लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फार वाढलेले दिसले तरी डॉक्टरांना अंदाज येतो. कारण इतके दिवस खोकणाऱ्या पोराला टीबीसुद्धा असू शकतो, दमा असू शकतो, श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेलाही असू शकतो, आणि त्याच्यावर काढे देत बसलं तर पोर हातचं जातं.

पुरावा असतो तरी कसा, हे बघायचं असेल तर लसीकडं बघा. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स गावात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी १९३० च्या दशकात हे काम केलं. दिवसभर प्रयोगशाळेतली नोकरी, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात गरिबांच्या घरी जाऊन खोकणाऱ्या पोरांच्या तोंडासमोर बशी धरायची, त्यात जंतू वाढतात का बघायचं. मग लस दिलेली मुलं आणि न दिलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून कुणाला आजार होतो ते मोजलं. माझ्या वहीत जे नव्हतं ते या दोघींच्या वहीत होतं. उलटा पुरावा जपानचा. १९७४ साली तिथं वर्षाला चारशेच्या आत रुग्ण आणि मृत्यू एकही नाही. लसीनंतर दोन मुलं दगावल्याची बातमी पसरली, १९७५ मध्ये लसीकरण थांबवलं, नंतर सुरू केलं तरी लोक देईनात, आणि १९७९ मध्ये तेरा हजारांच्या वर रुग्ण आणि ४१ मृत्यू.

आपल्याकडं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची लस, त्यात डांग्या खोकलाही), मग सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांना डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, सगळं सरकारी फुकट. लोक पहिले तीन घेतात, ताप येतो म्हणून पुढचे टाळतात. गळीत हंगामात बीडकडनं येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर आणखी अवघड, डोसाची तारीख गावाकडं आणि पोर इथं कोपीत. आशाताई फडात फिरून पोरं शोधतात, तरी चार-दोन सुटतातच. शिवाय लसीचं किंवा आजाराचंही संरक्षण काही वर्षांनी उतरतं, म्हणून मोठ्या माणसाचा ‘साधा’ महिनाभराचा खोकला बाळाला डांग्या खोकला देऊन जातो. गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या मध्ये टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्यावरची मोठ्यांची लस) घेतलं तर आईचं संरक्षण बाळाला जन्मताच मिळतं. इंग्लंडात २०१२ पासून देतात आणि तीन महिन्यांखालच्या बाळांमध्ये ते नव्वद टक्क्यांच्या आसपास उपयोगी ठरलं. आपल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळतं ते टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस), त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, टीडॅप बाहेर विकत घ्यावं लागतं. ताई, तुमची ती वेळ गेली, पण जावेला किंवा नणंदेला सांगा.

तेव्हा बाळाला दाखवायला जाताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, बाळाला आणि घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यायचं का. एवढं लहान बाळ घरात असलं की बहुतेक देतात, डोस वजनावर ठरतो, थोरलीची उरलेली बाटली वापरू नका. दोन, बाळाचा सहा आठवड्यांचा डोस झालाय का. सर्दी होती म्हणून पुढं ढकलला असेल तर नुसत्या सर्दीसाठी डोस अडवत नाहीत, तेव्हा आता विचारून उरकून घ्या. थोरलीचं कार्डपण सोबत न्या, पाच वर्षांचा बूस्टर बहुतेक राहिला असणार, आणि डीपीटी सात वर्षं पूर्ण होईपर्यंतच देतात, तुमच्या हातात सहा महिने आहेत. कार्ड सापडत नसेल तर रेशनकार्डाच्या पिशवीत बघा, आमच्याकडं निम्म्या घरांत ते तिथंच निघतं.